दहावीनंतर वीस वर्षांनी वर्गाच्या शोधात : न्यू जर्सीतलं एक प्रकरण

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की कॉम्प्युटर कंपनीतला इंजिनिअर डोळ्यांसमोर येतो. पण भावाने किंवा बहिणीने स्पॉन्सर करून आणलेली कुटुंबंही इथे आहेत. भारतीयांना या रांगेत दहा-पंधरा वर्षं सहज काढावी लागतात. ग्रीन कार्ड हातात पडतं तेव्हा माणूस चाळिशीला टेकलेला असतो, मुलं शाळेत असतात आणि स्वतःची शाळा दहावी-अकरावीलाच सुटलेली असते. दुकानात, पॅकिंगमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीत काम मिळतं. त्याच्या वर जायचं म्हटलं की प्रत्येक ठिकाणी एकच कागद मागतात, हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र.

हा कागद मिळवण्यासाठी कुठल्या वर्गात बसायचं, तो वर्ग शोधायचा कसा आणि निवडायचा कसा, याचं हे एक प्रकरण. ज्यांचं आहे त्यांना आमच्याकडे सगळे ‘वहिनी’ म्हणतात, तेच इथेही म्हणतो. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील आणि कार्यक्रमांची नावं गाळली आहेत.

वहिनींची परिस्थिती

वहिनी सातारा जिल्ह्यातल्या. २००४ साली मराठी माध्यमातून दहावी, पहिल्या वर्गात. अकरावीला तालुक्याच्या गावी नाव घातलं होतं, पण वडील आजारी पडले, घरची जनावरं आणि शेत बघायला माणूस नव्हतं, आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे लग्न, दोन मुलं. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने भरलेल्या अर्जावर सगळं कुटुंब न्यू जर्सीत आलं, एडिसनच्या आसपास.

इथे त्यांनी होम हेल्थ एडचं ७६ तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं प्रमाणपत्र मिळवलं. आजी-आजोबांना अंघोळ घालणं, औषधाच्या वेळा सांभाळणं, हात धरून चालवणं, हे काम त्या मनापासून करतात. एका आजींना इन्शुलिन द्यायला रोज नर्स यायची. तिचं काम बघून वहिनींच्या मनात आलं की हे आपल्यालाही जमेल. त्यांनी विचारपूस केली तेव्हा कळलं की लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा, म्हणजे एलपीएनचा, अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा असतो आणि त्याला प्रवेश घ्यायला हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागतं.

“भाऊजी, दहावीचं मार्कशीट चालणार नाही का?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

नाही चालत. इथला डिप्लोमा बारा वर्षांच्या शाळेनंतर मिळतो. भारतातल्या कागदांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था बारावीचं प्रमाणपत्र अमेरिकन हायस्कूल डिप्लोम्याच्या तोडीचं धरतात. दहावी म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट हायस्कूल. म्हणून ज्यांची बारावी झालेली आहे त्यांनी परीक्षेच्या मागे लागण्याआधी मूल्यांकन करून घ्यावं, त्यांचं काम तिथेच होऊन जातं. बारावी पास असूनही समकक्ष परीक्षेच्या वर्गाला नाव घालायला निघालेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांचे महिने वाचावेत असं मनापासून वाटतं.

कुठली वाट

वहिनींसमोर वाटा तशा बऱ्याच होत्या. महाराष्ट्र बोर्डाची बारावी बाहेरून देणं, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरणं, ही त्यांच्या भावाने फोनवरून सुचवलेली वाट. पण बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिकं. एवढे दिवस काम आणि मुलं सोडून साताऱ्यात राहणं शक्य नव्हतं, आणि नापास झाल्यास पुन्हा विमानाचं तिकीट. ती वाट लगेच बाद झाली.

न्यू जर्सीत प्रौढांसाठीची हायस्कूलंही आहेत. तिथे राहिलेली क्रेडिट्स (विषय पुरे केल्याचे गुणांक) पुरी करून खराखुरा डिप्लोमा मिळतो. ज्यांची अमेरिकेतच शाळा सुटली आणि थोडीच क्रेडिट्स उरली आहेत त्यांना ही सोय फार चांगली. वहिनींना मात्र जवळजवळ सगळंच नव्याने करावं लागलं असतं. कॉलेजची ३० क्रेडिट्स मिळवून त्या बळावर राज्याचा डिप्लोमा घेण्याचीही तरतूद आहे, पण इंग्रजीची तयारी नसताना कॉलेजचे विषय घेणं म्हणजे पैसा आणि धीर दोन्ही घालवणं.

उरली समकक्षता परीक्षा. न्यू जर्सीत जीईडी आणि हायसेट या दोन परीक्षा चालतात. तिसरी, टास्क, २०२१ अखेर बंद झाली. अजूनही जुन्या पुस्तकांवर आणि माहितीपत्रकांवर तिचं नाव दिसतं, त्यामुळे वर्गात कुठलं पुस्तक वापरतात हे विचारणं वायफळ नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये आधी टास्क होती, २०२२ पासून तिथे जीईडी आहे आणि राज्यात राहणाऱ्यांना ती फुकट आहे. म्हणजे राज्य बदललं की नियम बदलतो. एका राज्यातल्या नातेवाइकाचा सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालत नाही.

जीईडी चार विषयांची : भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. प्रत्येक विषयाचे गुण १०० ते २०० यांच्यामध्ये येतात आणि पास व्हायला १४५ लागतात. हायसेटमध्ये वाचन आणि लेखन वेगळं धरून पाच पेपर. प्रत्येकात २० पैकी किमान ८, निबंधात ६ पैकी किमान २, आणि पाचही पेपरांची बेरीज किमान ४५. दोन्ही परीक्षा इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये देता येतात, मराठी-हिंदीत नाही. जीईडीचा जन्म १९४२ सालचा. दुसऱ्या महायुद्धात शाळा अर्धी टाकून सैन्यात गेलेल्या पोरांसाठी ती काढली होती. नागरिकांना ती खुली झाली ती त्यानंतर, न्यूयॉर्कपासून, १९४७ मध्ये. शिकण्याच्या वयात दुसऱ्यांसाठी राबावं लागलेल्या माणसांची ही परीक्षा आहे, हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं.

‘घरबसल्या डिप्लोमा’

मध्येच एक धोका आला, तो सांगितलाच पाहिजे. वहिनींच्या मोबाइलवर एक जाहिरात आली : घरबसल्या हायस्कूल डिप्लोमा, एकच ऑनलाइन चाचणी, आठवड्यात कागद घरपोच. पैसे काहीशे डॉलर, हप्त्याने. त्यांनी कार्ड काढलंही होतं. मुलीने विचारलं म्हणून त्या थांबल्या आणि मला फोन केला.

असे कागद विकणाऱ्यांबद्दल अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन वर्षानुवर्षं लोकांना सावध करत आलं आहे. असा कागद नर्सिंगच्या शाळेत चालत नाही, सरकारी आर्थिक मदतीला चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या परीक्षेला ओळखपत्र दाखवावं लागतं, पेपर परीक्षकाच्या नजरेखाली होतो आणि प्रमाणपत्र राज्य देतं. जीईडी घरून देण्याची सोय जिथे आहे तिथेसुद्धा कॅमेऱ्यातून निरीक्षक बघत असतो, आणि त्याआधी अधिकृत सराव चाचणीत हिरवा शेरा (पास होण्याइतके गुण) मिळवावा लागतो. एका चाचणीत आणि आठवड्यात डिप्लोमा देणारा माणूस डिप्लोमा देत नाही, पैसे घेतो.

फोन फिरवणं

घरी बसून ऑनलाइन अभ्यास करायचा पर्याय होता. फुकटचे व्हिडिओ भरपूर आहेत. वहिनींना तो नको होता, आणि त्यांचं कारण मला पूर्ण पटलं. “घरात बसले की मी आई असते. मोबाइल समोर धरला तरी कुकरची शिट्टी ऐकू येते. मला बाकावर बसवा,” त्या म्हणाल्या. त्याहून मोठं कारण इंग्रजीचं होतं. निबंध लिहून दाखवायला आणि चुकला तर का चुकला हे सांगायला समोर माणूस हवा. व्हिडिओ ते करत नाही.

वर्ग कुठे असतात याची यादी एका जागी मिळत नाही, हीच पहिली अडचण. अमेरिकेत प्रौढ शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा येतो तो वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी अॅक्ट या २०१४ च्या कायद्याखाली. न्यू जर्सीत तो राज्याच्या श्रम खात्यामार्फत वाटला जातो आणि वेगवेगळ्या संस्थांच्या हाती जातो : कम्युनिटी कॉलेज (स्थानिक, कमी फीचं कॉलेज), शाळा जिल्ह्यांचे (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांचे) प्रौढ वर्ग, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, व्यावसायिक शाळा, वाचनालयं, सेवाभावी संस्था. म्हणून कुठे आहे हे विचारायचं तर चार दारं ठोठवावी लागतात. आम्ही २११ या मदतीच्या हेल्पलाइनवर फोन केला, काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरला, म्हणजे सरकारी रोजगार मदत केंद्राला, विचारलं, जीईडीच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकून जवळची केंद्रं बघितली आणि गावच्या वाचनालयात जाऊन समोरासमोर बोललो. सगळ्यात उपयोगी ठरलं वाचनालय. तिथल्या बाईंनी एक जुनी फाइल काढून कुठला कार्यक्रम खरंच चालू आहे आणि कुठला फक्त कागदावर उरला आहे हे सांगितलं. हे कुठल्या संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं.

त्यातून चार जागा पुढे आल्या. वाचनालयात स्वयंसेवक एकेका माणसाला शिकवतात, वेळ तुमच्या सोयीची, पण तो वर्ग नव्हे आणि गणिताला माणूस नव्हता. शाळा जिल्ह्याच्या प्रौढ शाळेत संध्याकाळी फक्त इंग्रजी, जीईडीची तयारी सकाळी नऊ ते बारा, म्हणजे वहिनींच्या कामाच्या ऐन वेळेत. एका सेवाभावी संस्थेत कधीही नाव घालता यायचं, बाया जिव्हाळ्याने बोलल्या, लहान मुलांना बसवायची खोलीही होती. मात्र एकाच खोलीत अक्षरओळख करणाऱ्यापासून बीजगणितापर्यंत सगळे. चौथी जागा कम्युनिटी कॉलेजची. तिथे पातळीनुसार वेगळे वर्ग, संध्याकाळचे आणि शनिवारचे, फी नाही, पण प्रवेश वर्षातून ठरावीक वेळीच आणि आधी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे पातळी ठरवणारी चाचणी.

फोनवर काय विचारायचं ते वहिनींनी स्वतः वहीत लिहून घेतलं होतं. फोन मी करू नये, त्यांनी करावा, असं मी सुचवलं आणि त्यांनी केला. पहिल्या फोनवर आवाज थरथरत होता, चौथ्यावर नाही. वहीतले प्रश्न असे : तयारी जीईडीची की हायसेटची? संध्याकाळी किती वाजता सुटतं, त्यानंतर बस आहे का? पातळ्या वेगळ्या आहेत का? निबंध तपासून परत मिळतो का? संगणकावर सराव होतो का? किती गैरहजेऱ्या झाल्या की नाव काढतात? परीक्षेच्या फीला मदत मिळते का? हे सगळे प्रश्न चांगले आहेत, पण माझ्या मते यातले दोन निर्णायक. पातळ्या वेगळ्या आहेत का, आणि निबंध तपासून मिळतो का. जवळचा वर्ग, ओळखीचा वर्ग, मुलं सांभाळणारा वर्ग, हे सगळं महत्त्वाचं आहे. तरी या दोन प्रश्नांना ‘नाही’ उत्तर आलं तर वर्गात वर्ष बसूनही माणूस तिथेच राहतो.

म्हणून वहिनींनी कम्युनिटी कॉलेजचा वर्ग निवडला. बसचा प्रश्नही किरकोळ नव्हता. रात्री नऊला वर्ग सुटल्यावर घरी येणारी बस नव्हती. नवऱ्याची ड्यूटी त्याच वेळी संपत होती, म्हणून न्यायला यायची सोय झाली. ज्या घरात एकच गाडी आहे आणि ड्यूटी जुळत नाही तिथे चांगला वर्गही हातचा जातो. अशा वेळी वर्गातल्याच दुसऱ्या कोणाबरोबर गाडी वाटून घेता येते, पण त्यासाठी पहिल्याच आठवड्यात बोलावं लागतं.

प्लेसमेंट टेस्ट आणि तिने उभा केलेला पेच

खरी गाठ इथे होती. बहुतेक कार्यक्रम आधी टेब नावाची चाचणी घेतात, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कासास नावाची दुसरी आहे. त्यावरून तुमची पातळी ठरते. मूलभूत शिक्षणाच्या सहा पातळ्या धरतात आणि जीईडीच्या वर्गाला साधारण वरच्या दोन पातळ्यांतले विद्यार्थी घेतात.

वहिनींची गणिताची पातळी आली पाचवी, वाचनाची तिसरी, म्हणजे साधारण चौथी-पाचवी इयत्तेची.

समन्वयक बाईंनी सरळ सांगितलं : आधी इंग्रजीचा वर्ग, तो झाल्यावर जीईडी. वहिनी गाडीत बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दहावीला फर्स्ट क्लास आहे माझा. यांनी मला चौथीत बसवलं का?”

त्यांचं दुखणं खरं होतं आणि बाईंचं मोजमापही बरोबर होतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला गणित येतं, विज्ञान कळतं, विचारही करता येतो, पण इंग्रजी परिच्छेद वाचायला दुप्पट वेळ लागतो. जीईडी ही चारही विषयांत वाचनाची परीक्षा आहे. विज्ञानातसुद्धा पाठांतराचं फार विचारत नाहीत. एक उतारा देतात, एक तक्ता किंवा आलेख देतात आणि यावरून काय निष्कर्ष निघतो ते विचारतात. ९० मिनिटांत हे करायचं असतं. इंग्रजीची पायरी टाळून थेट जीईडीच्या वर्गात बसलेली माणसं दोन महिन्यांत गळतात, आणि दोष स्वतःला देतात.

दुसऱ्या बाजूला, वर्षभर नुसतं इंग्रजी करायचं आणि गणिताला हातही लावायचा नाही, हेही मला मान्य नव्हतं. पस्तिशी ओलांडलेल्या, दिवसभर दुसऱ्यांची सेवा करून येणाऱ्या बाईला काहीतरी हाती लागलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर उमेद टिकत नाही. जीईडीची एक मोठी सोय अशी की चारही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एकेक विषय वेगवेगळ्या दिवशी देता येतो आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मग गणिताने इंग्रजीसाठी खोळंबून का राहावं?

वहिनी पुन्हा बाईंकडे गेल्या आणि एवढंच विचारलं : आठवड्यात दोन संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग करते, पण शनिवारी सकाळच्या जीईडी गणिताच्या वर्गात आत्ताच बसू द्याल का? बाईंनी गणिताच्या सरांशी बोलून होकार दिला. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. विचारलं म्हणून मिळालं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं पाऊल हेच, असं मला वाटतं. प्लेसमेंटचा निकाल म्हणजे शिक्का नाही. प्रत्येक विषयाची पातळी वेगळी आली तर प्रत्येक विषयाला वेगळा वर्ग मागता येतो, आणि मागावा.

एक छोटी सूचना : ही चाचणी ड्यूटी करून थकल्यावर देऊ नये. सुट्टीच्या दिवसाची वेळ मागितली तर देतात.

शनिवारचं गणित, मंगळवारचा निबंध

गणितात वहिनी लवकर रुळल्या. वर्गसमीकरणाचं सूत्र त्यांना अजून तोंडपाठ होतं, सरांनी फळ्यावर लिहायच्या आत त्यांनी वहीत लिहिलं होतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी : फूट-इंच, पाउंड-औंस, गॅलन. मीटर-किलोग्रॅमवर वाढलेल्या माणसाला एका यार्डात तीन फूट आणि एका पाउंडात सोळा औंस हे नव्याने बसवावं लागतं. लाख-कोटीच्या जागी मिलियन. आणि शब्दांत दिलेली गणितं, जिथे आकडेमोड दोन ओळींची आणि वाचन सहा ओळींचं. परीक्षेत सूत्रांचा तक्ता मिळतो आणि सुरुवातीचे पाच प्रश्न सोडले तर पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. शाळेत कॅल्क्युलेटरला हात लावू न दिलेल्या वहिनी आधी तो वापरायलाच तयार नव्हत्या. सरांनी त्यांच्याकडून त्याचा वेगळा सराव करून घेतला, कारण ११५ मिनिटांत हाताने भागाकार करत बसायला वेळ नसतो.

निबंधाचं मात्र फार शिकण्यासारखं आहे. भाषेच्या पेपरात ४५ मिनिटांचा एक लेखी प्रश्न असतो. एकाच विषयावर दोन उलट बाजूंचे उतारे देतात आणि विचारतात, कोणाची मांडणी पुराव्याने जास्त भक्कम आहे? तुमचं स्वतःचं मत काय, हे विचारतच नाहीत.

वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सरावाला विषय दिला प्लास्टिकच्या पिशव्यांवरच्या बंदीचा. न्यू जर्सीत मे २०२२ पासून दुकानांत एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशव्या बंद आहेत, त्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचा. वहिनींनी दीड पान लिहिलं. सुरुवातीला पर्यावरणाचं महत्त्व, मग ‘थेंबे थेंबे तळे साचे’चं इंग्रजी रूप, मग ओढ्यात अडकलेल्या पिशव्या, मग आपण सर्वांनी काय केलं पाहिजे. दहावीला याच निबंधाला भरघोस गुण मिळाले असते. बाईंनी लाल पेनाने फक्त तीन ठिकाणी खूण केली आणि समासात एकच प्रश्न लिहिला : हे उताऱ्यात कुठे आहे?

दुसऱ्या खेपेला वहिनींनी आधी दोन्ही उताऱ्यांतली पुराव्याची वाक्यं अधोरेखित केली. पहिल्या लेखकाने आकडा दिला होता आणि तो कुठून आला तेही सांगितलं होतं. दुसऱ्याने एका दुकानदाराची तक्रार सांगितली होती आणि तिच्यावरून सगळ्या राज्याबद्दल निष्कर्ष काढला होता. वहिनींचं स्वतःचं मन त्या दुकानदाराच्या बाजूचं होतं, तरी त्यांनी लिहिलं की पहिल्याची मांडणी जास्त भक्कम आहे, आणि का ते सांगितलं. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. स्वतःचं मत बाजूला ठेवून दुसऱ्याचा युक्तिवाद तोलणं हे आपल्या शाळांत फारसं करून घेत नाहीत. समोर बसून तपासणारं कोणी नसतं तर वहिनी वर्षभर सुंदर निबंध लिहीत राहिल्या असत्या आणि नापास होत राहिल्या असत्या. वर्ग कशासाठी हवा याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

परीक्षा

क्रम आम्ही ठरवून लावला : गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, शेवटी भाषा. प्रत्येक पेपरच्या आधी जीईडी रेडी ही अधिकृत सराव चाचणी दिली. ही चाचणी खऱ्या पेपरच्या निम्म्या लांबीची असते आणि निकाल तीन रंगांत येतो. १४५ आणि त्यावर हिरवा, १३४ ते १४४ पिवळा, त्याखाली लाल. पिवळ्यावर परीक्षेला बसायचं नाही, असा वहिनींनी स्वतःच नियम केला. खऱ्या परीक्षेची फी प्रत्येक विषयाला वेगळी भरावी लागते, तेव्हा हा नियम शहाणपणाचा होता.

गणित पहिल्याच खेपेला सुटलं. त्या दिवशी त्यांनी साताऱ्याला व्हिडिओ कॉल करून आईला गुणपत्रक दाखवलं. पुढचे आठ महिने त्यांनी एकदाही वर्ग चुकवला नाही. विज्ञानही निघालं.

सामाजिक शास्त्रांत अडखळल्या. या पेपराचा निम्मा भाग नागरिकशास्त्र आणि शासनव्यवस्थेचा असतो, अमेरिकेची. संसद आणि राज्यघटना म्हणजे काय हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं, पण काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय एकमेकांना कसे आवरतात, राज्यांचे अधिकार कुठे सुरू होतात, घटनादुरुस्त्या कुठल्या, हे नवीन. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिलं. जीईडीच्या नियमाप्रमाणे पहिल्या दोन फेरपरीक्षांना थांबावं लागत नाही, तिसऱ्यांदाही नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावं लागतं. वहिनींनी घाई केली नाही. वाचनालयातल्या त्याच स्वयंसेवक योजनेत, जी आम्ही सुरुवातीला बाजूला ठेवली होती, त्यांना इतिहास शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका मिळाली. त्या दोघींनी अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीचे प्रश्न आणि जीईडीचा नागरिकशास्त्राचा भाग एकत्रच केला. पुढेमागे वहिनींना नागरिकत्वाचा अर्ज करायचाच आहे, त्यामुळे एका अभ्यासात दोन कामं झाली. दुसऱ्या खेपेला पास.

भाषेचा पेपर सगळ्यात लांब, मधली सुट्टी धरून १५० मिनिटं. त्यात वाचन आहे, व्याकरण आहे आणि तो निबंध आहे. इंग्रजीच्या वर्गाच्या दोन पातळ्या पुऱ्या करून, वरच्या जीईडी वर्गात एक सत्र बसून, जीईडी रेडीत दोनदा हिरवा शेरा आल्यावरच त्यांनी नाव नोंदवलं. निकाल १४९.

न्यू जर्सीचा राज्य डिप्लोमा आल्यावर त्यांनी एलपीएनच्या दोन कार्यक्रमांत अर्ज केले आहेत आणि केंद्र सरकारच्या पेल अनुदानासाठी फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म भरला आहे. ग्रीन कार्डधारकाला तो भरता येतो. नर्सिंगच्या प्रवेशाला टीज नावाची वेगळी परीक्षा एका ठिकाणी मागितली आहे, त्यात वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग. कॉलेजमध्ये तिचा तयारीचा वर्ग जानेवारीत सुरू होतो. वहिनींनी फोन करून विचारून ठेवलं आहे की त्यातही निबंध किंवा सराव पेपर तपासून परत मिळतात का, आणि गणिताच्या भागाला न बसता फक्त वाचनाच्या आणि विज्ञानाच्या तासांना येता येईल का.